चतुर्थीचें बहुवचन

'बस' हा शब्द आतां इतका घरचा झाला आहे कीं, त्याचें कूळ विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आमचा जन्म मुलांकडून विभक्ति घोकून घेण्यांत गेला असल्यामुळें आमचें मन मात्र तेथें अडतें. मूळ लॅटिन शब्द 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठीं', संस्कृतांत 'सर्वेभ्यः'. त्यांतील 'बस' आणि आपला 'भ्यः' हे एकाच घराण्यांतले प्रत्यय होत. १८२९ सालीं लंडनच्या रस्त्यावर ऑम्निबस धांवूं लागली, आणि पुढें लोकांनीं घाईघाईनें शब्दाची प्रकृति खालीं उतरविली. प्रत्यय तेवढा गाडींत बसून राहिला! हा प्रत्यय चतुर्थीप्रमाणें पंचमीसहि चालतो. म्हणजे चढणाऱ्यास चतुर्थी व उतरणाऱ्यास पंचमी, अशी सोय व्याकरणानें आधींच करून ठेविली आहे.

मुंबईंत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली. आमच्या बाळपणीं दुमजली गाडीच्या माडीवरील पुढची जागा म्हणजे प्रत्यक्ष राज्याभिषेक! त्या जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्यें सेवानिवृत्त झाल्या. हल्लींच्या विजेच्या गाड्या ना खडखडतात, ना धूर सोडतात. वाचकहो, एवढी सभ्य गाडी प्रथम पाहिली कीं तिच्याविषयीं थोडा संशयच येतो.

परवां दादरास एका स्नेह्यांकडील लग्नाचें जेवण आटोपून आम्ही उभयतां रात्रीं साडेअकराच्या सुमारास शीवकडे जाणाऱ्या अशाच एका गाडींत चढलों. दारें आपोआप मिटलीं, आणि ज्येष्ठांतल्या उकाड्यांतून एकदम पौषांत आलों. एक अदृश्य बाई पुढील थांब्याचें नांव सांगत होत्या. "ह्या बसल्या आहेत तरी कोठें?" असें आमच्या कुटुंबानें दोनदां विचारलें. एक पहारेकरी गाढ झोंपले होते, एक परिचारिका डुलत होती, आणि कानांत बोंडें घातलेला एक विद्यार्थी आपल्या आईस सांगत होता कीं, आपण केव्हांच घरीं पोंचलों!

पुढच्या थांब्यावर एक मावशी चढल्या. कोठल्याशा कार्यांत पोळ्या लाटून आल्या असाव्यात. मनगटावर पीठ तसेंच होतें. थंड गाडीचें किमान भाडें मे २०२५ मध्यें सहाचें बारा रुपये झालें. मावशींनीं पुढें केली ती पांचशेंची कोरी नोट.

"मावशी, सुटे द्या. माझ्या थैलींत एवढे नाहींत," कंडक्टर म्हणाले.

"आजची मजुरीच ही. दुसरें कांहीं नाहीं."

कंडक्टर पेंचांत पडले. फुकट न्यावें तर तपासनीसाचें भय. उतरवावें तर मागून गाडी नाहीं, आणि तीं पावलें दिवसभर उभीं राहिलेलीं. विद्यार्थ्यानें कानांतलें बोंड काढून, "मी काढतों तिकीट," म्हटलें.

"नको रे बाळा. माझे पैसे आहेत ना?" मावशी म्हणाल्या. त्या 'माझे' ह्या षष्ठीपुढें कोणाचें कांहीं चालेना.

मग सगळी गाडी हिशेबास बसली. पहारेकऱ्यांस जागें करण्यांत आलें. त्यांच्याकडे सुटे दोनशें निघाले. ओटी-दक्षिणेसाठीं जमविलेल्या दहा-वीसच्या नोटा व नाणीं आमच्या कुटुंबाच्या बटव्यांत होतीं. त्यांनीं तीं मोजून तीनशें भरलीं. विद्यार्थ्याजवळ रोख दमडी नव्हती, पण दूरध्वनींत धन होतें. तेव्हां त्यानें पांचशेंची नोट घ्यावी, पहारेकऱ्यांस दोनशें व आम्हांस तीनशें दूरध्वनीवरून पाठवावे, आणि सुटे पांचशें मावशींस मिळावे, असें ठरलें. परिचारिकेनें बेरीज दोनदां तपासली. यंत्रांतून तिकीट कुरकुरत बाहेर आलें. मावशींनीं उरलेले चारशें अठ्ठ्याऐंशीं रुमालांत बांधले आणि प्रथमच आसनाला पाठ टेकली.

आमचा दूरध्वनि टिणटिणला. "आजी, आले बघा तुमचे तीनशें," विद्यार्थी म्हणाला.

कुटुंबानें रिकामा बटवा उघडून आंत पाहिलें. "आले म्हणतोस, ते कोठें?"

किंग्ज सर्कलला मावशी उतरल्या. उतरतांना त्यांनीं कुटुंबाच्या हातावर हात ठेवला. पुढें शीव येईपर्यंत तो मुलगा आमच्या कुटुंबास पैसा कसा येतो हें समजावीत होता. त्याचा थांबा केव्हांच मागें पडला होता.