कालव्याच्या माहेराला सायकलवर



फिरायला जाणे म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, असे आपल्या वस्तीत अजून मानतात. आपण गाव सोडतो ते ऊसतोडीला, बांधकामाला, नाहीतर लग्नकार्याला. यंदा मात्र मी आणि माझी अकरावीतली लेक चार दिवस नुसते फिरून आलो, तेही सायकलवर. त्याची हकिगत आज सांगतो.

सुरुवात शेतात झाली. आमच्या मानवत तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. पैठणहून निघणारा हा कालवा २०८ किलोमीटर लांब. माझे वडील सालगडी होते. कालवा नवा होता तेव्हा ते मालकाच्या शेतात रात्र-रात्र दारे धरीत. पाणी आले, पण ते दुसऱ्याच्या रानात. आपल्या वाट्याला चिखलाचे पाय. आज थोरल्या भावाचे दीड एकर आहे, तेही चारीच्या टेलला. पाळी सुटली की वरच्यांचे भिजेपर्यंत आमच्याकडे ओलही पोचत नाही. असेच एकदा बांधावर वाट बघत बसलो होतो, तेव्हा लेकीने विचारले, ‘पप्पा, हे पाणी मुळात येतं कुठून?’

‘जायकवाडीतून.’

‘अन् जायकवाडीत?’

मला नीट सांगता येईना. तिने शाळेचा नकाशा काढला. जायकवाडी गोदावरीवर. गोदावरीला प्रवरासंगमाला प्रवरा मिळते. प्रवरा उगवते नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात, आणि तिथेच भंडारदऱ्याचे मोठे तळे आहे. म्हणजे ते आपल्या कालव्याचे एक माहेरच. ‘जाऊन बघायचं का?’ ती म्हणाली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पोरीला डोंगरात सायकलवर कामून नेता?’ लेकीने उत्तर दिले, ‘काकू, कॉलेजला रोज चौदा किलोमीटर जाते-येते, तेव्हा कोणी विचारत नाही.’ काकू हसल्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

संक्रांतीच्या सुमारास मानवत रोड स्टेशनला दोन्ही सायकली पावती करून लगेज डब्यात टाकल्या आणि इगतपुरीला उतरलो. सायकली साध्याच, गियर नसलेल्या. सोबत पाना, पंक्चरचे सोल्युशन, एक जादा ट्यूब, हवेचा पंप आणि ब्रेकची नवी रबरे. एवढ्यावर काम भागले.

इगतपुरी तालुका म्हणजे धरणांचाच. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा. वैतरणेचे पाणी मुंबईकडे जाते, दारणेचे गोदावरीकडे. घोटीवरून बारीच्या वाटेला लागलो तशी उजव्या-डाव्या अंगाला डोंगराची भिंतच उभी राहिली. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. आपल्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाच्या मांड्यांना असा चढ माहीत नसतो. मी सरळ उतरलो आणि सायकल हाताने ढकलली. त्यात लाज कसली? लेक मात्र अर्धा घाट बसूनच चढली.

उतारावर एक गोष्ट शिकलो. ब्रेक सारखा दाबून धरला की रिम तापते आणि रबर झिजते. म्हणून दोन्ही ब्रेक थोडे दाबावे, थोडे सोडावे. वेग वाढण्याआधीच आवरावा, वाढल्यावर नव्हे.

संध्याकाळी शेंडीला पोचलो. एका घरी मुक्काम केला, नागलीची भाकरी आणि पिठले खाल्ले. सकाळी धरण पाहिले. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. भिंत सुमारे ८२ मीटर उंच, सगळी दगडी. एवढे दगड कोणाच्या डोक्यावरून, कोणाच्या पाठीवरून चढले असतील, हा विचार आपल्यासारख्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. तळ्याला आज आद्यक्रांतिवीर राघोजी भांगरे यांचे नाव आहे. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी वीराला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

तळ्याला वळसा घालणारा रस्ता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे लागतात. घाटघरला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे, वर रतनगड. तिथेच प्रवरेचा उगम. या भागात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जेमतेम आठ-नऊशे.

काठावरच्या एका वाडीत आमच्या बाटल्या संपल्या. अंगणात एक आजीबाई भात पाखडत होत्या. पाणी मागताना माझी जीभ क्षणभर अडखळली. प्रवासात पाणी मागणे म्हणजे काय असते, हे वडिलांनी सांगितलेले विसरता येत नाही. पण बाईंनी काही न विचारता तांब्या भरून लेकीच्या हाती दिला.

लेकीने विचारले, ‘मावशी, पाणी कुठून आणता?’

‘त्या खालच्या झऱ्यावरून. होळीनंतर तो आटतो. मग तळ्यापर्यंत उतरायचं अन् हंडा घेऊन चढायचं.’

‘एवढा पाऊस पडूनही?’

‘पाऊस पडतो, पण डोंगर त्याला धरीत नाही. खडकावरून सगळा धरणात जातो.’ मग त्यांनी तळ्याकडे बोट केले. ‘आमच्या आजेसासऱ्याची भाताची खाचरं त्या पाण्याखाली आहेत. वर उरलं ते वरई-नागलीचं. दिवाळी झाली की पोरं नारायणगावाकडे कामाला जातात.’

मी गप्प झालो. आपलीही पोरे दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात.

लेक म्हणाली, ‘मावशी, हे तुमचं पाणी पार आमच्या मानवतपर्यंत येतं.’

‘हो का? मग पुरतं का तुम्हाला?’

‘आमचं रान टेलला आहे. नाही पोचत.’

आजीबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, ‘वर आम्हाला नाही, खाली तुम्हाला नाही. मग मधे जातं कुठं?’

या प्रश्नाचे उत्तर शोधतच आम्ही परत आलो. भंडारदऱ्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. त्याखाली निळवंडे. तिथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे कालवे जातात. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरेकाठीच उभा राहिला. ऊस पाण्यावर वाढतो, हे कोणाला सांगायला नको. १०२ टीएमसीचा नाथसागर दुष्काळी वर्षात रिकामा राहतो, म्हणून मराठवाड्याला भांडावे लागले. २०१४ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०२३ साली याच हिशेबाने ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. तो आपला हक्क आहे, भीक नव्हे.

पण हक्काचे पाणी पैठणला पोचले म्हणजे टेलला पोचले असे नाही. आपल्याही कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस उभा आहे. ‘नगर-नाशिकवाले पाणी अडवतात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या नगर जिल्ह्यात हंडा घेऊन डोंगर चढणारी ती आजीबाई असते, हे मला तिच्या अंगणात बसल्यावर कळले. गाडीत असतो तर तिच्या दारावरून धूळ उडवीत निघून गेलो असतो. सायकलवाल्याला तहान लागते, म्हणून तो थांबतो.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले. ते एका वस्तीच्या ओंजळीपुरते नव्हते. पाण्यावर माणसाचा हक्क, हे आपण तिथे शिकलो. मग काठावर राहून तहानलेली माणसे आपलीच समजायला हवीत.

घरी आल्यावर लेकीने काकाला विचारले, ‘पाणी वापर संस्थेत आपलं नाव आहे का?’ नव्हते. २००५ च्या कायद्याने कालव्याचे पाणी वाटण्याचा अधिकार अशा संस्थांना दिला आहे, आणि संचालक मंडळात वरच्या, मधल्या व टेलच्या शेतकऱ्यांना जागा ठेवल्या आहेत. टेलची जागा टेलवाल्याने मागितली नाही, तर तिच्यावर दुसरा बसणारच. भावाने सभासदत्वाचा अर्ज दिला आहे. अर्ज लेकीनेच लिहिला.

तुमचे शेत कालव्यावर असेल तर याच आठवड्यात आपले नाव तपासा. आणि पोरांना घेऊन एकदा सायकलवर निघा. भंडारदरा लांब पडत असेल तर जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, तिथवर जा. पावसाळ्यात घाट निसरडे असतात, म्हणून दिवाळी ते होळी हा काळ बरा. टायर, ब्रेक आणि साखळी आधी बघून घ्या. वाटेत कोणी पाणी दिले, तर ते त्यांनी कुठून आणले, एवढे विचारायला विसरू नका.

जयभीम.