चित्रातला राक्षस आणि पिठाचा कोंबडा



शाळांना सुट्टी लागली की घरोघरी मुले कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि त्या कागदावर हटकून एखादा अक्राळविक्राळ प्राणी अवतरतो. तीन डोळे, सहा हात, शेपटीतून निघणारी ज्वाळा! दुकानातील जुन्या बिलबुकांची कोरी पाठही त्यातून सुटत नाही. आजी विचारते, ‘हे रे काय काढलंस?’ नातू सांगतो, ‘हा दुसऱ्या ग्रहावरचा आहे.’ आणि त्यापुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘ह्याला शेवटी मारायचं असतं.’ या वाक्याचा विचार आज करावयाचा आहे.

मुलांच्या कल्पनेतील असे जीव पडद्यावर आणण्याची प्रथा परदेशांत चांगलीच रुजली आहे. जपानमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ‘किन्निकुमान’ या चित्रकथेत वाचकांनी पाठवलेली पात्रे घेतली जात. १९८३ पासून ही कथा अ‍ॅनिमेशन मालिकेच्या रूपानेही आली. ‘रॉकमन’ या व्हिडिओ गेमच्या १९८८ मधील दुसऱ्या भागापासून त्यातील शत्रूंची रूपे मुलांकडून मागवली गेली. अशा स्पर्धांत निवडला गेलेला युसुके मुराता नावाचा मुलगा पुढे नामवंत चित्रकथाकार झाला. ब्रिटनमध्ये २००५ साली बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या बालकार्यक्रमाने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेसाठी राक्षस सुचवण्याचे आवाहन केले, तेव्हा ४३ हजारांहून अधिक चित्रे आली. त्यांतून निवडलेला, स्पर्शाने माणसांना स्वतःच्या देहात शोषून घेणारा प्राणी २००६ साली पडद्यावर आला.

मुलांच्या प्रतिभेला मिळालेला हा मान कौतुकास्पदच आहे. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ‘रॉकमन’ काय किंवा ‘डॉक्टर हू’ काय, मुलांकडे मागणी झाली ती शत्रूची. एक नवा जीव कल्पावयाचा आणि तो पराभूत होताना, नष्ट होताना पाहून आनंद मानावयाचा, हाच त्या खेळाचा नियम.

याच जपानमध्ये या नियमाला छेद देणारी एक कथा फार पूर्वी सादर झाली होती. ‘अल्ट्रामॅन’ या मालिकेचा पंधरावा भाग २३ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रसारित झाला. लेखक मामोरू सासाकी आणि दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. मोकळ्या मैदानातील सिमेंटच्या मोठ्या नळावर एक मुलगा एका प्राण्याचे चित्र काढतो. अंतराळातून येणारे किरण त्यावर पडतात आणि ते चित्र जिवंत होते. त्याचे नाव गावाडोन. पांढरा, लोळागोळा, डोंगराएवढा देह! सूर्य मावळला की तो पुन्हा भिंतीवरचे चित्र होतो. मुलांना तो फारच मिळमिळीत वाटतो, म्हणून सारे मिळून त्याचे रूप अधिक उग्र करतात. दुसऱ्या दिवशी तो नव्या रूपात प्रकट होतो आणि पुन्हा झोपीच जातो!

गावाडोन कोणाला खात नाही, कोणावर चाल करून जात नाही. त्याचा अपराध एवढाच की त्याचा देह अवाढव्य आहे आणि त्याच्या घोरण्याने शहराचे व्यवहार बिघडतात. तेवढ्यासाठी त्याच्यावर शस्त्रे चालवली जातात. अल्ट्रामॅन त्याच्याशी झुंजू लागतो तेव्हा मुले आक्रोश करतात, ‘त्याला मारू नका!’ आणि तो त्यांचे ऐकतो. गावाडोनला उचलून तो आकाशात नेतो. दरवर्षी तानाबाता सणाच्या रात्री मुलांना तो ताऱ्यांत भेटेल, असे आश्वासन त्यांना मिळते.

व्यापारी कुटुंबांनी या कथेपाशी क्षणभर थांबावे. आपल्या आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा सर्वथा टाळता येत नाही. संकल्पी हिंसेचा मात्र त्याग सांगितला आहे. गावाडोनवरील हल्ला यांपैकी कोणत्या प्रकारात बसेल? तो आक्रमण करीत नाही, म्हणून विरोधी नव्हे. व्यवहार अडतात म्हणून उद्योगी म्हणावी, तर तीही पळवाटच. उद्योग करताना यत्न करूनही नकळत होणारी हिंसा वेगळी आणि उद्योगाला अडचण होते म्हणून निरुपद्रवी जीव ठरवून मारणे वेगळे. गोदामातील उंदीर, दुकानाच्या पायरीवर पहुडलेले कुत्रे, छपरावरचे पारवे हे आपल्या दारातले गावाडोनच होत. प्रश्न कल्पनेतील ग्रहावरचा नसून रोज शटर उघडतानाचा आहे.

त्याचे उत्तर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पूर्वीच दिले आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी, जैन आणि हिंदू रहिवाशांनी दुकाने बंद ठेवली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ज्याची अडचण होते त्याला जागा द्यावयाची, हा तिचा मार्ग. अल्ट्रामॅनने गावाडोनसाठी आकाशात जे केले, त्याला आपल्या भाषेत पांजरपोळ म्हणण्यास हरकत नाही.

कोणी म्हणेल, ‘चित्रातला राक्षस मेला तर जीव कोणाचा गेला?’ शंका रास्त आहे. परंतु यशोधर राजाची कथा आपल्याकडे याचसाठी सांगितली जाते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ चंपूत ती संस्कृतात गुंफली. त्याच शतकात पुष्पदंत कवीने ‘जसहरचरिउ’ या काव्यात ती अपभ्रंशात गायिली; हे काव्य १९३१ साली आपल्या विदर्भातील कारंजा येथून प्रकाशित झाले. देवीला पशुबळी द्यावा, असा माता चंद्रमतीचा आग्रह होता. राजाने पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. प्राण कोणाचाच गेला नाही; तरी त्या संकल्पापायी माता-पुत्रांना मोर आणि कुत्रा यांपासून आरंभ करून तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. द्रव्यहिंसा घडली नाही, भावहिंसा घडली.

ही कथा सांगून मुलांना भय घालू नये. खेळणारे बालक म्हणजे बळी देणारा राजा नव्हे, आणि चित्र काढणे हे पापही नव्हे. मात्र मनाला ‘मारण्यात गंमत’ शिकवणारी सवय रोज थोडीथोडी घडत असेल, तर तिकडे पालकांचे लक्ष हवे. गेम हिसकावून घेण्यापेक्षा मुलाजवळ बसून त्याच्या राक्षसाची विचारपूस करावी. याला इंद्रिये किती? हा खातो काय? याला भीती कशाची वाटते? हा पृथ्वीवर कशासाठी आला? चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना ज्या परंपरेने केली, तिच्या मुलांना अनोळखी जीवाविषयी असे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. उत्तरे देता देता मुलाच्या ध्यानात येते की आपण काढलेल्यालाही सुख-दुःख असू शकते.

येत्या पर्युषणात पाठशाळांनी एक चित्रस्पर्धा अवश्य ठेवावी. विषय द्यावा ‘परग्रहावरून आलेला पाहुणा’. रूप कितीही भयंकर असू द्यावे. अट एवढीच की चित्राखाली त्याच्या राहण्या-खाण्याची सोय मुलांनी स्वतः लिहावी. निवडक चित्रे आमच्याकडे पाठवल्यास या सदरातून ती आनंदाने प्रसिद्ध करू.