कर कोणावर, काटकसर कोणाची?

अंदाजपत्रकाचे दिवस आले की सरकारी तिजोरीविषयी दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले असे की, श्रीमंतांकडून अधिक कर घेतला तर ते धंदा आवरतील किंवा पैसा परदेशी नेतील, आणि मग गरिबांचाच रोजगार बुडेल. दुसरे असे की, गोरगरिबांवर होणारा सरकारी खर्च हाताबाहेर गेला आहे, त्याला कोठेतरी कात्री लावलीच पाहिजे. ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच तोंडून निघतात. रविवारी मिस्साबलीनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या मंडळींतही ती ऐकू येतात, आणि बोलणारे काही वाईट मनाचे नसतात. पगार मोजून घर चालवणाऱ्या माणसाला अंथरूण पाहून पाय पसरावे हे शिकवावे लागत नाही. सरकारनेही तसेच वागावे असे त्याला वाटले तर नवल नाही. प्रश्न एवढाच की, अंथरूण तोकडे पडले तर घरातील कोणाचे पाय उघडे पडू द्यायचे?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत एकांगी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामकऱ्यांची कैवारी भूमिका घेतली, परंतु त्याच विश्वपत्रात सरकारने जबर कर बसवून लोकांची खासगी मालमत्ता गिळंकृत करू नये, असेही बजावले. बरोबर सत्तर वर्षांनी, १९६१ साली, परमगुरू तेविसावे योहान यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’मध्ये न्याय्य करपद्धतीची कसोटी सांगितली, ती अशी की कराचे ओझे भरणाऱ्याच्या कुवतीच्या प्रमाणात असावे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने न्याय्य कर चुकविण्यासाठी लबाडी करणाऱ्यांची गणना समाजाचे ऋण नाकारणाऱ्यांत केली. म्हणजे श्रीमंताला ओरबाडणे हा जसा धर्म नव्हे, तसेच त्याने आपली कुवत लपवून ठेवणे हाही नव्हे.

आपल्या देशात हा प्रयोग झालाच नाही असे नाही. चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या संपत्तीवरील कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, सुरू झाला. (हे देशमुख आय. सी. एस. होऊन प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडच्याच सेवेत आले होते. आपला बालाघाट जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता.) १९५७ साली संपत्तीकर आला. उत्पन्नावरील कराचा वरचा दर तर वाढत वाढत १९७३–७४ साली ९७.७५ टक्क्यांवर गेला. रुपयामागे दोन पैसेच हाती राहणार असतील, तर खरे उत्पन्न कागदावर दाखविण्याइतका साधुसंत कोण? त्या दराने तिजोरी भरली नाही. दोन-दोन हिशेबवह्या ठेवण्याची विद्या मात्र भरभराटीस आली. १९८५ साली इस्टेट ड्यूटी रद्द झाली तेव्हा तिचे वार्षिक उत्पन्न वीस कोटींच्या आसपास होते. संपत्तीकर २०१५ च्या अंदाजपत्रकात गेला. २०१३–१४ साली त्यातून अवघे १,००८ कोटी रुपये आले होते.

हे आकडे पुढे करून काही जण म्हणतात की, पाहा, श्रीमंतांवर कर बसवून हाती काही लागत नाही. हा निष्कर्ष मला उतावीळपणाचा वाटतो. १९९३ पासून संपत्तीकरातून शेअर आणि तत्सम गुंतवणूक वगळलेली होती; घर, मोटार, दागिने, शहरातील मोकळी जमीन एवढेच त्यात उरले. मोठ्या धनिकाची संपत्ती शेअरच्या रूपात असते, दागिन्यांच्या डब्यात नव्हे. जाळ्याला स्वतःच भोके पाडायची आणि मग तळ्यात मासेच नाहीत असे म्हणायचे, असला हा न्याय झाला.

बरे, कर केवळ श्रीमंत भरतात हा समजही खरा नाही. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. बैहरच्या बाजारात साबणाची वडी घेणारी बैगा स्त्री आणि नागपूरच्या मोठ्या दुकानात तीच वडी घेणारी शेठाणी या दोघींनी त्या वडीवर सारखाच कर दिला. तो अंगाच्या साबणावर १८ टक्के होता; सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, ही चांगली गोष्ट घडली. पण वस्तूवरील कर कुवत पाहत नाही, हा त्याचा स्वभाव काही बदलत नाही. कुवत पाहणारा कर तो उत्पन्नावरचा आणि नफ्यावरचा. त्यापैकी कंपन्यांच्या नफ्यावरील मूळ दर सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असा त्या वेळी सरकारचाच अंदाज होता. गुंतवणूक वाढेल, कारखाने निघतील, ही त्यामागची अपेक्षा. ती किती फळली यावर पंडितांत मतभेद आहेत. तुलनेसाठी एवढेच ध्यानात ठेवावे की, २०२४–२५ च्या अंदाजपत्रकात साऱ्या देशातील ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती.

रोजगार हमीचा उल्लेख आला आहे, तर तिची जन्मकथा सांगितली पाहिजे. कारण मराठी माणसाने या वादाला दिलेले उत्तर त्या कथेत आहे, आणि ते पुस्तकी उत्तर नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि तलावाच्या कामांवर गेली. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासूनच लावून धरली होती. कल्पना सर्वांना पटली. पैसा कोठून आणायचा, येथे गाडे अडले. तेव्हा १९७५ साली व्यवसायकराचा कायदा झाला. मुंबई-पुण्याच्या पगारदारांनी, वकील-डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी दरसाल ठराविक रक्कम भरायची, आणखी काही करांवर अधिभार बसवायचा, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारने आपल्या पदरची घालायची. योजनेचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, ते न जमल्यास बेकारी भत्ता द्यायचा. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता.

या व्यवस्थेतील मर्म असे की, कर आणि खर्च एकाच दोरीने बांधलेले होते. पगाराच्या पावतीवर कापलेली रक्कम पाहून गिरगावातला कारकून कुरकुरला असेल, पण ती रक्कम कोठे जाते हे त्याला ठाऊक होते. दुष्काळात खेडे उठून शहराच्या पदपथावर येण्यापेक्षा खेड्यातच त्याला काम मिळावे, हा व्यवहारही त्यात होता. निव्वळ दया नव्हती. पुढे मात्र दोरी सैल झाली. कर चालू राहिला, योजनेवरचा खर्च त्या मानाने कमी होत गेला, आणि शिल्लक रक्कम सर्वसाधारण तिजोरीच्या पाण्यात मिसळून गेली. शिवाय राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसायकराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली ठरली आणि तेथेच थांबली. मध्य प्रदेशातही १९९५ पासून हा कर आहे आणि त्यालाही तीच मर्यादा लागू आहे. परिणामी शाळेतील बाई २,५०० रुपये भरते आणि खाणींच्या कंपनीचा सर्वोच्च अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो. परमगुरू योहान यांची कसोटी येथे कशी लावायची, हे मला तरी सुचत नाही.

महाराष्ट्राच्या त्या कायद्याच्या वाटेने पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला. २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या दोनशे जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत बालाघाट होता. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र सरकार देत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे केले आहेत, ही जमेची बाजू. परंतु बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी साठास चाळीस अशी ठरली असून, केंद्राने नेमून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्यानेच सोसायचा आहे. मुंबईसारखे दुभते शहर ज्याच्या पदरी आहे त्या महाराष्ट्राला हे एक वेळ पेलेल. भोपाळला ते कितपत पेलेल? भोपाळपुढे दोनच मार्ग उरतात: नवा कर शोधणे, किंवा कामाच्या मागणीकडे काणाडोळा करणे. दुसऱ्या मार्गाची घोषणा कोणी करीत नाही. धानाची कापणी आटोपल्यावर किरनापूर-लांजीकडची माणसे गाठोडे बांधून नागपूर-हैदराबादची गाडी धरतात, तेव्हा तो मार्ग निवडला गेला असे समजावे.

कपातीचा हा मुका प्रकार वाचकांनी नीट ओळखला पाहिजे. कात्री हातात घेऊन केलेली कपात दिसते, तिच्यावर ओरड होते. परंतु आकडा जागच्या जागी ठेवून महागाईला आपले काम करू दिले की, कपात होते आणि दोषी कोणीच नसतो. निराधार वृद्धांच्या पेन्शनचेच पाहा. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या गरीब वृद्धासाठी केंद्र सरकार दरमहा २०० रुपये देते. २००७ साली हा आकडा २०० होता; २०२५ साली तो २०० च होता. तेव्हा दोनशे रुपयांत जेवढी तूरडाळ आणि तेल येई, त्याच्या निम्मेही आज येत नाही. मध्य प्रदेश सरकार आपली भर घालून ही रक्कम ६०० रुपयांवर नेते, म्हणजे दिवसाला वीस रुपये. याच राज्यात २०२३ साली लाडक्या बहिणींसाठी दरमहा १,००० रुपयांची योजना निघाली आणि त्याच वर्षी ती रक्कम १,२५० झाली. बहिणींना मिळते त्याचे मला वाईट वाटत नाही. घरातील स्त्रीच्या हातात पैसा पडला की तो मुलांच्या ताटात उतरतो. पण साठ वर्षांची झाली की तीच बहीण त्या योजनेतून बाहेर पडते आणि सहाशेच्या रांगेत उभी राहते. वार्धक्यात गरज वाढते की घटते, हे कोणत्याही घरातील आजीला विचारावे.

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे वळू. भरवेलीच्या आणि उकव्याच्या मँगनीजवर शतकाहून अधिक काळ कोणी ना कोणी श्रीमंत होत आले आहे. प्रथम परदेशी कंपनी, आणि १९६२ नंतर ‘मॉईल’, जिचे मुख्यालय नागपुरात आहे. मलाजखंडचे तांबे हे त्यापुढचे धन. खनिज निघाले की जमिनीत खड्डा उरतो, पीक पुन्हा येत नाही. म्हणून या संपत्तीवर तेथील रहिवाशांचा हक्क इतरांहून अधिक, हे तत्त्व मान्य व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्यात आले. जुन्या पट्ट्यांच्या धारकांनी रॉयल्टीच्या ३० टक्के, आणि लिलावाने घेतलेल्या पट्ट्यांच्या धारकांनी १० टक्के इतकी अधिक रक्कम त्यात भरायची. या निधीचा किमान साठ टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, वृद्ध व अपंगांचे कल्याण अशा कामांवर खर्चावा असा नियम होता. २०२४ साली तो सत्तर टक्के झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की रॉयल्टी हा कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. तेव्हा भोपाळजवळ साधन नाही, असे आता म्हणता येणार नाही.

हा निधी म्हणजे पागे यांच्या दोरीचेच दुसरे रूप आहे. कोणाकडून घ्यायचे आणि कोणासाठी खर्चायचे, हे दोन्ही एकाच कायद्यात लिहिलेले आहे. दोरी सैल होण्याचा धोकाही तोच. पाण्याच्या टाकीपेक्षा रस्त्याचे कंत्राट अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना अधिक गोड लागते, हे सांगायला नको. बैहर तहसील पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडते. तेथे या निधीच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. आपल्यापैकी कितीतरी जण त्या ग्रामसभांचे सभासद आहेत, काही जण पंचही आहेत. वर्षाचा जमाखर्च सभेपुढे वाचला गेला का, सत्तर टक्क्यांचा हिशेब मांडला गेला का, एवढे दोन प्रश्न उभे राहून विचारायला पदवी लागत नाही. लागतो तो एक दिवसाचा रोज बुडविण्याचा निश्चय, आणि खाणीच्या गावातील मजुराला तोही सोपा नाही. म्हणून ज्यांचा पगार सुट्टीच्या दिवशीही चालू राहतो, अशा आपल्या शिक्षक आणि कारकून मंडळींनी येत्या ग्रामसभेस त्याच्याबरोबर जाऊन बसावे, ही विनंती.