काड्यांकू जान आई क्या?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सोनपेठची लाईट गेली. मोबाइलची बॅटरी आधीच संपलेली. धाकटा थोडा वेळ कुरकुरला आणि मग माचिसच्या काड्या फरशीवर मांडत बसला. पाचवीत आहे. शाळेतून त्याची एकच तक्रार येते, एका जागी बसत नाही. मी सहज म्हटले, "अशाच काड्यांचा एका माणसाने सिनेमा काढला होता." त्याने मान वर केली.

तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा. तिथे उगम पावणारी गोदावरीच आपल्या तालुक्याच्या कडेने गंगाखेडकडे जाते. सिनेमा काढायला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी आधी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत झाली. ते पाहून भांडवल मिळाले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडायचे कामही त्या अंधारात बसून करीत. भगिनींनो, हे काम पडद्यावर कुठे दिसते का?

१९१५ मध्ये फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा सिनेमा काढला. त्यात काड्या आपोआप हलतात. युक्ती साधी आहे. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे, काडी जराशी सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. त्या मूक सिनेमाच्या काळात एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत.

"मग दाखव ना!" धाकटा म्हणाला. दाखवणार कुठून? तो सिनेमा हरवला आहे. त्या काळची फिल्म भलतीच ज्वालाग्राही, नीट ठेवली नाही तर विरघळून जायची. आणि जुने सिनेमे जपणारे पुण्याचे संग्रहालय निघाले १९६४ मध्ये, फाळके गेल्यावर वीस वर्षांनी.

लाईट आल्यावर त्याऐवजी मी फ्रान्सच्या एमिल कोलचा १९०८ चा सिनेमा लावला. दोन मिनिटेसुद्धा नाही, पण त्यासाठी सुमारे सातशे चित्रे काढलेली. फळ्यावर खडूने काढाव्यात तशा काळ्यावर पांढऱ्या रेषा. त्यातल्या बाटलीचे फूल होते, एका वस्तूतून दुसरी निघते, कशाला काही कारण नाही. मोठी म्हणाली, "याला स्टोरीच नाही." धाकट्याला मात्र स्टोरीची गरजच वाटली नाही. याच कोलने त्याच वर्षी काड्यांचाही सिनेमा केला होता, हे ऐकल्यावर तर तो उठलाच.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर काम सुरू झाले. काड्या आधी पाण्यात भिजवून मी गुल काढून टाकला; घरात लहान मुले असतील तर हे विसरू नका. मोबाइल दोन पुस्तकांच्या मध्ये उभा केला. सेकंदाला आठ फोटो धरले, म्हणजे बारा सेकंदांना शहाण्णव. दादी आधी तसवीर म्हणून जरा नाराज होत्या, पण काडीला ना नाक, ना डोळे! शेवटी फोटो जोडून दाखवले तेव्हा त्याच सर्वांत पुढे सरकल्या. "अगे, काड्यांकू जान आई क्या?"

एका जागी न बसणारा मुलगा दोन तास बसला होता.

चार दिवसांनी मोबाइल भरला म्हणून त्याच्या अब्बांनी सगळे पुसून टाकले. त्यांना वाटले, एकसारखे शंभर फोटो कशाला हवेत? मुलगा रडला नाही, पण जेवलाही नाही. मला वाटाण्याची कुंडी आठवत राहिली आणि फाळक्यांच्या काड्याही.

रविवारी अब्बा स्वतः माचिस घेऊन आले आणि फोटो काढायला बसले. सत्तेचाळिसाव्या फोटोला त्यांचाच धक्का मोबाइलला लागला. धाकट्याने काड्या गोळा केल्या आणि म्हणाला, "अब्बा, पहिल्यापासून."