पोचपावतीचे मोल

काम मागूनही पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेरोजगार भत्ता हा मजुराचा हक्क आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला महाराष्ट्राने 1977 मध्ये कायद्याचे बळ दिले. 2005च्या केंद्रीय कायद्याने भत्ता ठरवला: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. लोणार-मोताळ्याच्या मजुराचे गाऱ्हाणे तक्रार निवारण प्राधिकाऱ्यापुढे येते, तेव्हा निवाडा अर्जाच्या तारखेवर अडतो. तोंडी मागणीची नोंद कुठेच नसते. सुनावणी घेणाऱ्याने कागदाबरोबर माणसाचेही ऐकावे, गावात चौकशी करावी. आणि मजूर बंधुभगिनींनो, तारीख-शिक्क्याची पोचपावती हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नका.