कट्टा ओस पडला, तो कोणामुळे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आमच्या महाविद्यालयातील कडुनिंबाखालचा कट्टा दुपारी एकनंतर ओस पडतो. गेल्या स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थ्याने आपल्या भाषणात त्याबद्दल फार हळहळ व्यक्त केली. त्यांच्या वेळी त्या कट्ट्यावर सायंकाळपर्यंत वादविवाद रंगत, एकांकिकांच्या तालमी चालत, नवकवी आपल्या कविता ऐकवून मित्रांना छळत. आजची पिढी मात्र मोबाईलमध्ये डोके खुपसून बसते आणि तास संपताच घरी पळते, असा त्यांचा एकंदर सूर होता. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर सव्वाची गाडी गाठायची म्हणून कार्यक्रम अर्धा टाकून निघाले, आणि एस. टी. त बसल्यावर लक्षात आले की आपण टाळ्या वाजवल्या त्या आपल्याच विरुद्ध!

माझे गाव येथून २२ किलोमीटरवर. सव्वाची गाडी चुकली तर पुढची साडेपाचला. हिवाळ्यात ती फाट्यावर पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि फाट्यापासून आमची वस्ती दीड किलोमीटर आत. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई सातवी शिकलेली, बाबांनी नववीत शाळा सोडली. उशीर झाला तर "तालमीला थांबले होते" असे घरी कोणत्या तोंडाने सांगावे? आमच्या आईला तालीम ठाऊक आहे ती पैलवानांची!

मुलांची तऱ्हा निराळी नाही. माझ्या मागच्या बाकावरचा एकजण साडेबाराला औषधाच्या दुकानात हजर होतो, दुसरा रात्री दहापर्यंत पार्सले पोचवत हिंडतो. तिसरा दर गुरुवारी गैरहजर, कारण आठवडे बाजारात वडिलांच्या चहाच्या गाडीवर कपबशा विसळायला दुसरे कोणी नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा आहे. माझ्या मते त्याच्याइतका नियमित माणूस आमच्या वर्गात दुसरा नाही. फक्त त्याचा नियम बाजाराचा आहे.

कुतूहल म्हणून ग्रंथालयातील या वार्षिकाचे १९७० ते १९८० च्या सुमाराचे अंक चाळले. मौज अशी की त्यांतही 'आजचा विद्यार्थी' बिघडल्याची तक्रार आहेच. आरोपी तेवढा वेगळा : सिनेमा, गाईडे आणि बेलबॉटम! मला खरे बोलके वाटले ते मंडळांचे फोटो. वाङ्‌मय मंडळ, नाट्य मंडळ, वादविवाद मंडळ. खालची नावे वाचत गेले, तो शहरातल्या ठराविक घरांची आडनावे पुन्हा पुन्हा भेटू लागली. मुली दोन-तीन, पुढच्या खुर्च्यांवर, हात जुळवून बसलेल्या. आज आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर निम्म्याहून अधिक नावे मुलींची आहेत, आणि त्यातल्या बहुतेक एस. टी. ने येतात. तेव्हा पिढी बदलली हे खरेच. पण मोबाईल आला एवढाच तो बदल नव्हे. पूर्वी ज्यांची पावले या आवारात पडली नसती, ती माणसे आता येथे आली आहेत. कट्ट्यावरचे ते रम्य जीवन ज्यांना दुपार मोकळी होती, त्यांचे होते.

राबून शिकणारे तेव्हाही होतेच म्हणा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा व शिका' या तत्त्वावरच. पण तेथे राबणे आणि शिकणे एकाच आवारात होते, ते सर्वांच्या नजरेसमोर होते. आमचे राबणे फाटकाबाहेर चालते. ते कोणाला दिसत नाही, आणि दिसते ती आमची रिकामी जागा.

मोबाईलबद्दल मात्र आमची बाजू लंगडी आहे, हे कबूल केलेच पाहिजे. आम्ही नववीत गेलो ते २०२० साली, शाळांना कुलुपे असताना. घरात मोबाईल एकच, तोही बाबांचा. ते रात्री आठला परतले की मी आणि धाकटा भाऊ अर्धा-अर्धा तास वाटून घेत असू. तेव्हा जी सवय जडली ती सुटली नाही. सर वर्गात "काही शंका?" असे विचारतात तेव्हा साठजण मुक्याने बसतात, आणि रात्री अकराला आमच्या ग्रुपवर शंकांचा पाऊस पडतो. प्रथम वर्षात मी एकाही प्राध्यापकांशी आपणहून बोलले नाही. याचे खापर एस. टी. च्या वेळापत्रकावर फोडता येणार नाही.

आमची तुकडी २०२४ च्या जूनमध्ये आली, ती नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमाची येथील पहिली. त्यात राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, कला यांनाही श्रेयांक आहेत. "आता गाणेसुद्धा गुणांसाठी!" असे म्हणून काही गुरुजन हसतात. त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नाही. परंतु त्यामुळेच पथनाट्याचा सराव सकाळी अकराच्या तासाला आला, आणि आयुष्यात प्रथमच मी चारचौघांत उभी राहून बोलले. सरपंचबाईंची भूमिका होती! वादविवाद स्पर्धा मात्र अजून दुपारी चारलाच असते. ती अकराला घेतली तर काय बिघडेल?

तरीही सगळे वेळापत्रकात बसत नाही. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि सव्वाची गाडी आलीच नाही. आम्ही अकराजणी साडेपाचपर्यंत त्या कट्ट्यावर अडकून पडलो. आधी सगळ्यांनी मोबाईल काढले. तासाभरात एकेकीची बॅटरी संपली. मग गप्पा सुरू झाल्या. चारच्या सुमारास एक मैत्रीण हळूच म्हणाली की तिचे लग्न ठरले आहे आणि पुढच्या महिन्यापासून ती येणार नाही. दीड वर्ष आम्ही एका बाकावर बसत होतो, ग्रुपवर रोज बोलत होतो, आणि हे कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही पाचजणी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा दिला, वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. अखेर परीक्षेपर्यंत थांबायचे ठरले. ती अजून वर्गात आहे. तिसऱ्या वर्षाचे पुढे पाहू.

तो कट्टा मलाही हवा आहे, माजी विद्यार्थी महाशयांइतकाच. म्हणून आम्ही मुलींनी तीन वाजता एक गाडी मिळावी, असा अर्ज लिहिला आहे. ६४ सह्या झाल्या आहेत. त्यांचीही एक घ्यावी असे मनात आहे. त्यांचा पत्ता कार्यालयात मिळेल असे कळते.