ॲप पक्कं, नंबर कच्चा: परदेशातल्या आपल्या माणसांचं बँक खातं किती सुरक्षित?

रात्रीचे अकरा वाजलेले. शहापुरातल्या एका घरात जेवणं आटोपून निजानीज व्हायला आलेली असते. मस्कतला तेव्हा साडेनऊ. तिथून मुलाचा व्हॉट्सॲपवर फोन येतो, "अप्पा, ओटीपी आला काय बघा." अप्पा टीव्हीजवळच्या कप्प्यातला जुना फोन काढतात, चष्मा शोधतात आणि सहा आकडे एकेक करून वाचून दाखवतात. मुलाचं काम होतं, फोन परत कप्प्यात जातो.

असं घर बेळगावात आहे, खानापुरात आहे, बार्देश-सासष्टीत तर गल्लोगल्ली आहे. मुलगा आखातात, मुलगी जर्मनीत शिकायला, जावई जहाजावर. पैसा तिकडे मिळतो आणि साठतो इकडच्या बँकेत. घराचा हप्ता, आईचं औषधपाणी, भावाची फी, सगळं मोबाईल ॲपवरून चालतं. त्यामुळे 'परदेशात बसून हे ॲप वापरणं सुरक्षित आहे का?' हा प्रश्न सारखा विचारला जातो.

थोडक्यात उत्तर असं की ॲप बऱ्यापैकी पक्कं आहे. कच्चा आहे तो कप्प्यातला नंबर.

ॲपमध्ये काय बरं, काय वाईट

बँकेचं अधिकृत ॲप आणि बँक यांच्यातली देवाणघेवाण कूटबद्ध असते, म्हणजे मधल्या मध्ये कुणी ऐकली तरी त्याला अर्थ लागत नाही. ॲप ठरावीक फोनशी बांधलेलं असतं. वर पिन किंवा बोटाचा ठसा लागतो. त्यामुळे दुबई विमानतळाच्या वायफायवरून शिल्लक पाहिली आणि खातं साफ झालं, असं सहसा घडत नाही.

परदेशात धोका येतो तो दुसऱ्या वाटांनी. पहिली वाट म्हणजे ॲप घेण्याची जागा. फोनचं प्ले स्टोअर परदेशातल्या खात्यावर असेल, तर काही भारतीय ॲप तिथे दिसतच नाहीत. मग खोलीतला सोबती म्हणतो, "थांब, मी फाईल पाठवतो." व्हॉट्सॲपवरून आलेली ही एपीके फाईल खरी की खोटी हे डोळ्यांनी कळत नाही. खोटी असेल तर ती फोनमधले मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि आपण 'अलाव' दाबून मोकळे होतो.

दुसरी वाट व्हीपीएनची. यूएईमध्ये व्हॉट्सॲपचे कॉल बंद असल्यामुळे घरी बोलायला म्हणून अनेक जण फुकटचं व्हीपीएन टाकतात. व्हीपीएनवाल्याला तुमचा बँकेचा पासवर्ड थेट दिसतो असं नाही. पण कुणी बनवलं ते माहीत नसलेलं ॲप, त्याला दिलेल्या भरमसाट परवानग्या, आणि त्याच फोनवर बँक, ही संगत बरी नाही. शिवाय आज मस्कत, उद्या ॲमस्टरडॅम असा पत्ता दिसला की बँकेची यंत्रणाच संशयाने खातं अडवू शकते.

तिसरी वाट 'मदत करणाऱ्याची'. केवायसी संपली, खातं गोठणार, असं सांगून कुणीतरी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो. परदेशातल्या माणसाला शाखेत जाऊन खातरजमा करता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

या तिन्ही वाटा स्वतःच्या सावधपणाने बंद करता येतात. खरी अडचण पुढे आहे.

कप्प्यातल्या फोनचं दुखणं

आपल्याकडे बँकेचा सगळा कारभार नोंदलेल्या मोबाईल नंबरावर उभा आहे. ओटीपी तिथे, पैसे गेल्याचा मेसेज तिथे, पासवर्ड विसरला तरी वाट तिथूनच. माणूस परदेशात जातो आणि हा नंबर घरी ठेवतो. त्यातून चार गोष्टी होतात.

एक, नंबर मरतो. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. शिल्लक २० रुपये असेल तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, एवढंच. बंद झालेला नंबर पुढे काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज एक दिवस धारवाडच्या किंवा दावणगेरेच्या कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. हा धोका ओळखूनच एनपीसीआयने बँका आणि यूपीआय ॲपना १ एप्रिल २०२५ पासून बंद वा फिरवलेल्या नंबरांच्या नोंदी दर आठवड्याला ताज्या करायला सांगितलं. त्याने यूपीआयपुरता धोका कमी होतो. खात्यावरचा नंबर बदलायचं काम मात्र तुमचंच राहतं.

दोन, नंबर पळवला जातो. खोटी कागदपत्रं देऊन तुमच्या नावाचं दुसरं सिम काढायचं, हा जुना डाव. यावर नियम कडक झालेत. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवायचे, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पण फोनची रेंज अचानक गेली, ही धोक्याची पहिली खूण. ती कप्प्यातल्या फोनवर कोण बघणार?

तीन, सवय लागते. याचा विचार फारसा कुणी करत नाही. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य अप्पांनी शंभरदा ऐकलंय, पण दर आठवड्याला तेच अप्पा ओटीपी वाचून दाखवतायत. मुलाला सांगतात म्हणून चूक वाटत नाही. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर मुलाचाच फोटो लावलेल्या नव्या नंबरावरून मेसेज येतो, 'अप्पा, फोन हरवला, हा नवा नंबर, ओटीपी पाठवा.' हात आपसूक कप्प्याकडे जातो. अप्पांना भोळे म्हणून चालणार नाही, ही सवय आपणच त्यांना लावली आहे.

चार, घड्याळ इकडे सुरू होतं. हे जरा नीट समजून घ्यायला हवं.

तीन दिवसांचा हिशेब

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या यंत्रणेतली असेल, आणि मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. त्यानंतर बँकेच्या मंडळाने ठरवलेलं धोरण. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने तेवढी रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आहे. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे.

ऐकायला छान आहे. पण हे दिवस मोजले जातात बँकेकडून मेसेज मिळाल्यावर, आणि तेही तुमच्या मूळ शाखेच्या कामाच्या दिवसांप्रमाणे. मेसेज गेला शहापुरातल्या कप्प्यात. अप्पांनी तो चार दिवसांनी पाहिला किंवा पाहिलाच नाही, तर मुलाला कळेपर्यंत शून्य भाराची मुदत टळलेली असते.

आणि ओटीपी कुणाला सांगितला असेल तर चित्रच बदलतं. पिन-पासवर्ड दुसऱ्याला देणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो. मग बँकेला कळवेपर्यंत गेलेला सगळा पैसा ग्राहकाच्या माथी. बापाने मुलाला सांगितलेला ओटीपी आणि चोराला सांगितलेला ओटीपी यातला फरक आपल्याला कळतो. नियमाच्या भाषेत दोन्हीकडे खातेदाराची गुप्त माहिती दुसऱ्या हातात गेलेली असते.

इशारा कुठल्या भाषेत?

सीमेवरच्या आणि राज्याबाहेरच्या मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे. बँकांनी ग्राहकांसाठीची कागदपत्रं इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातली भाषा अशा तीन भाषांत द्यावीत, असा दंडक आहे. व्यवहारात ही तिसरी भाषा बेळगावात कन्नड होते, वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. ओटीपीचा मेसेज तर बहुतेक वेळा इंग्रजीतच. त्यात कितीचा व्यवहार, कुणाला, आणि 'सांगू नका' हे सगळं लिहिलेलं असतं. पण मराठी शाळेत शिकलेले अप्पा त्यातले फक्त सहा आकडे वाचतात. बाकीचा मेसेज, म्हणजे खरा इशारा, न वाचताच राहतो.

वारं कुठल्या दिशेला आहे

एसएमएसवरचा ओटीपी आता जगभरच मागे पडतोय. सिंगापूरच्या बँकांनी डिजिटल टोकन वापरणाऱ्यांसाठी लॉगिनचा एसएमएस ओटीपी बंद करण्याचं २०२४ मध्येच ठरवलं. यूएईच्या बँकांनी जुलै २०२५ पासून तो टप्प्याटप्प्याने काढायला घेतला, संमती थेट ॲपमध्येच द्यायची. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. दोन पातळ्यांवरची ओळख आवश्यकच, पण ती एसएमएसनेच झाली पाहिजे असं नाही. टोकन, बोटाचा ठसा असे पर्याय बँकांना मोकळे आहेत.

यूपीआयपुरती वाट २०२३ पासूनच थोडी उघडली. एनआरई किंवा एनआरओ खात्याला परदेशी नंबर जोडून यूपीआय वापरायची मुभा एनपीसीआयने सुरुवातीला दहा देशांच्या नंबरांना दिली: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, यूएई आणि ब्रिटन. या पहिल्या यादीत कुवेत नि बहारीन नव्हते, आणि गोव्यातली किती घरं कुवेतवर चालतात हे सांगायला नको. शिवाय तुमची बँक ही सोय देते का, हे बँकेलाच विचारावं लागतं.

मग करायचं काय?

पहिलं काम खात्याचं. नोकरीसाठी परदेशात गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. बरेच जण 'कोण विचारतंय' म्हणून सोडून देतात. पण परदेशी नंबराची सोय मुख्यतः एनआरई-एनआरओ खात्यांसाठीच आहे. बँकेच्या लेखी तुम्ही अजून शहापुरातच राहत असाल, तर तिचे मेसेजही शहापुरातच येणार.

दुसरं, व्यवहाराचे मेसेज ईमेलवरही सुरू करून घ्या. यातून निदान घड्याळ तुमच्या डोळ्यांसमोर सुरू होतं. भारतीय नंबर ठेवायचाच असेल तर सिम स्वतःजवळ ठेवा, रोमिंग चालू ठेवा, रिचार्जची तारीख लिहून ठेवा.

तिसरं, घरच्यांना खर्चासाठी ओटीपीच्या वाटेने नेऊ नका. एनआरई किंवा एनआरओ खात्यावर इथल्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र देता येतं. त्याला स्थानिक खर्च भागवता येतो, पण तो पैसा परदेशात तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही की भेट म्हणून वाटता येत नाही. त्याहून सोपं म्हणजे आई-वडिलांच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला ठरलेली रक्कम टाका. त्यांचं खातं, त्यांचा फोन, त्यांचा पिन. मोठी पुंजी दुसऱ्या खात्यात आणि ॲपवरची रोजची मर्यादा गरजेपुरती कमी.

आणि पैसे गेलेच तर? आधी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० आहे, तो घरच्यांना इथून लावायला सांगा. तुम्ही तिकडून सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर नोंद करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि त्यासाठी गावी यावं लागत नाही.

नियम आणखी बदलतील, एसएमएसचा ओटीपी कदाचित काही वर्षांत इतिहासजमा होईल. तोवर पंधरा-वीस वर्षं उन्हात राबून साठवलेला पैसा कप्प्यातल्या फोनच्या भरवशावर ठेवायचा का, हे प्रत्येक घराने ठरवायचं आहे. आज रात्री मस्कतहून फोन आला की अप्पांनी एवढंच म्हणावं, "ओटीपी नंतर. आधी सांग, तुझा तिकडचा नंबर बँकेत कधी देतोस?"